गाय लंगडतेय? सुईआधी पाय उचला : खुरसाळणीचा आणि लंगडेपणाच्या उपचाराचा नेमका क्रम

गाय लंगडली की आपल्याकडे पहिला फोन इंजेक्शनसाठी जातो. तीन दिवस सुया होतात, गाय जरा सुधारल्यासारखी वाटते आणि पंधरा दिवसांनी तीच गाय तोच पाय अधांतरी धरून उभी असते. या सगळ्यात पाय उलटा करून कुणी बघितलेलाच नसतो. दुसरी तक्रार याच्या उलट आहे. खुरं वाढली म्हणून कापून घेतली आणि धड चालणारी गाय कापल्यानंतर लंगडायला लागली.

पलूस, वाळवा, कराड, फलटण, खटाव या पट्ट्यात खुरं साळायला, म्हणजे वाढलेलं कवच कापून खूर आकारात आणायला, गोठ्यागोठ्यांवर जातो, तेव्हा या दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा ऐकतो. पहिलीत पाहणी राहून गेलेली असते आणि दुसरीत क्रम चुकलेला असतो. लंगडणाऱ्या दहा दुभत्या गायींपैकी आठ-नऊ गायींचं दुखणं खुरातच असतं, आणि तेही बहुतेक वेळा मागच्या पायाच्या बाहेरच्या नखीत. म्हणून खांद्याला, मांडीला तेल चोळण्याआधी खूर बघायचं.

## चाकू धरण्याआधी एवढं माहीत हवं

गायीच्या पायाला दोन नख्या असतात, एक आतली आणि एक बाहेरची. मागच्या पायात बाहेरची नखी जास्त भार घेते, म्हणून ती जास्त वाढते आणि जास्त दुखावते. पुढच्या पायात बहुधा आतली नखी वाढते. खुराचं कवच महिन्याला साधारण ५ मिलिमीटर वाढतं. म्हणजे केसांच्या कडेला आज उगवलेलं कवच शेंड्यापर्यंत उतरायला सव्वा वर्ष लागतं. घाईत उडवलेला शेंडा परत यायला किती वेळ जातो, याचा हिशेब यावरून करा.

शेंडा वाढला की गायीचा भार मागे टाचेवर सरकतो. तळव्याच्या वर, आत, एक हाड असतं. त्याची मागची कड खालच्या नाजूक मांसावर दाबली जाते आणि तिथे व्रण होतो. साळणीचा सगळा खटाटोप हा भार परत पुढे आणण्यासाठी आणि दोन्ही नख्यांवर सारखा वाटण्यासाठी असतो. खुरं छान दिसणं हा त्याचा उद्देश नाही.

बैलाला नाल मारताना नालबंद तळवा सपाट करतो, कारण त्यावर लोखंड बसणार असतं. ते कौशल्य वेगळं आणि त्या कामासाठी योग्यच आहे. गायीला मात्र नाल नसतो, तिला स्वतःच्या तळव्यावरच सिमेंटवर आणि मुरमावर उभं राहायचं असतं. बैलासारखा तळवा केला तर तो पातळ होतो, आणि पुढचे दोन महिने गाय प्रत्येक खड्यावर कळवळते.

## टप्पा १ : वेळ ठरवा

निरोगी गायीची साळणी वर्षातून दोनदा. एक गाय आटवताना, म्हणजे विण्याआधी सुमारे दोन महिने. दुसरी व्यायल्यावर दोन ते तीन महिन्यांनी. विण्याआधीचा शेवटचा महिना आणि व्यायल्यानंतरचे तीन-चार आठवडे टाळा. विण्याच्या सुमारास सांध्यांचे बंध सैल पडतात, खुरातलं हाड जास्त हलतं आणि तळव्यावर आतून ताण असतो. त्यात वरून कवच काढलं तर दुखणं आपणच ओढवून घेतो.

लंगडणाऱ्या गायीला हा नियम लावायचा नाही. ती कितव्या महिन्याची गाभण आहे हे न बघता, उभी ठेवून, टप्पा २ मध्ये दिलेल्या मुदतीत तिचा पाय बघायचा.

आपल्याच सांगली-सातारा या दोन जिल्ह्यांत हवेचा केवढा फरक आहे! शिराळा, पाटण, जावळीकडे पावसाळ्यात खुरं महिनोन् महिने भिजून मऊ पडतात. तिथे साळणी मे महिन्यात उरका आणि तळवा थोडा जाडच ठेवा, कारण पुढे तो चिखलात झिजणारच आहे. माण, आटपाडी, जतकडे उन्हाळ्यात कवच दगडासारखं होतं आणि चाकू घसरतो. तिथे काम सुरू करण्याआधी गायीला तासभर ओल्या मातीत उभी करा किंवा खुरांना ओलं पोतं गुंडाळा. कृष्णाकाठच्या गावांत २०१९ आणि २०२१ च्या महापुरासारखी वेळ आली आणि जनावरं दिवसेंदिवस पाण्यात-चिखलात उभी राहिली, तर पाणी ओसरल्यावर लगेच साळायला घेऊ नका. आधी आठ-दहा दिवस कोरड्या जागेवर ठेवा, दोन नख्यांमधली बेचकी तपासा, मग चाकू.

तपासा : प्रत्येक गायीला कापायची गरज नसते. नखीची लांबी बरोबर असेल आणि दोन्ही नख्या एका पातळीत असतील, तर फक्त बघून पाय खाली सोडा. न कापता सोडलेला पाय ही वाया गेलेली फेरी नव्हे.

## टप्पा २ : आधी चाल बघा

दावणीला बांधलेल्या गायीकडे बघून काही कळत नाही. तिला कठीण, सपाट जागेवर दहा-पंधरा पावलं चालवा आणि बाजूने पाठीचा कणा बघा.

- उभी असताना आणि चालताना पाठ सरळ : ठीक आहे.
- उभी असताना सरळ, चालताना पाठ कमानीसारखी : दुखणं सुरू झालंय. याच आठवड्यात पाय बघा.
- उभी असतानाही पाठ वाकलेली, पावलं आखूड : दोन दिवसांच्या आत पाय उचला.
- पाय टेकवतच नाही, किंवा बसली की उठत नाही : त्याच दिवशी डॉक्टर.

सगळ्यात जास्त फायदा दुसऱ्या प्रकारच्या गायीत आहे, आणि नेमकी तीच आपल्या नजरेतून सुटते. दूध अर्धा-एक लिटर कमी झालेलं असतं, गव्हाणीवर ती शेवटी येते, धार काढताना एका पायावरून दुसऱ्यावर भार टाकत राहते.

पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना मान वर उडते. मागच्या पायाच्या बाहेरच्या नखीत दुखत असेल, तर गाय तो पाय बाहेर फाकवून भार आतल्या नखीवर घेते.

सावध : लंगडण्याबरोबर तोंडातून लाळ, ताप, जिभेवर किंवा हिरडीवर फोड असतील, किंवा एकाच वेळी दोन-चार जनावरं लंगडत असतील, तर चाकू काढूच नका. ते लाळ्या-खुरकूत असू शकतं. जनावर वेगळं बांधा आणि दवाखान्यात कळवा. त्या गोठ्यात वापरलेला चाकू, दोरी आणि आपल्या चपला पुढच्या गोठ्यात रोग घेऊन जातात.

## टप्पा ३ : हत्यारं आणि जागा

लांब दांड्याची खूर कापायची कातर, डाव्या आणि उजव्या वळणाचे दोन वाकडे चाकू, मोठी कानस, ताठ ब्रश, दोन बादल्या पाणी, पोटॅशियम परमँगनेट, कापूस, गॉज, पट्टी, हातमोजे आणि डोळ्याला चष्मा. शिवाय एक माप. लोखंडी किंवा प्लॅस्टिकची पट्टी बरोबर ७.५ सेंटिमीटरवर कापून चाकूच्या पिशवीतच ठेवा. पाचशे खुरं कापलेला माणूसही अंदाजात फसतो, म्हणून माप प्रत्येक नखीला लावायचं.

चाकू कागद कापेल इतका धारदार हवा. बोथट चाकूला जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेला चाकू सटकला की गायीच्या मांसात किंवा आपल्या मांडीत जातो. दर गायीनंतर धार लावायची सवय ठेवा.

ग्राइंडरने काम झटपट होतं, पण तो शिकलेल्या हातातच शोभतो. चाकती एका जागी दोन-तीन सेकंद जास्त टेकली तरी तळवा तापून आतलं मांस भाजतं, आणि ते बाहेरून दिसत नाही. ओल्या गोठ्यात विजेचा धोकाही मोठा आहे. माणसाला झिणझिण्या देणारा प्रवाह गायीला ठार करू शकतो. वायरला जोड नको, जमीन कोरडी हवी आणि लाइनवर गळतीला तुटणारा स्विच हवा.

जागा सावलीतली, कोरडी, घसरडी नसलेली. सकाळची धार झाल्यावर काम घ्या. पोटभर खुराक देऊन लगेच गाय खोड्यात, म्हणजे तिला उभी जखडायच्या चौकटीत, घालू नका.

## टप्पा ४ : गाय बांधणे

खोड्याशिवाय काम करू नका. बऱ्याच गावांत पशुवैद्यकीय दवाखान्यात लोखंडी खोडा असतो. पाच-सहा शेतकऱ्यांनी मिळून एक दिवस ठरवला, तर तिथेच सगळ्यांच्या गायी होतात.

१. मोरकी घालून डोकं आखूड बांधा. गाठ सुरगाठच हवी, म्हणजे गाय पडली तर एका ओढीत सुटेल.

२. छातीखालून रुंद पट्टा घ्या. गाय त्यावर लटकवायची नाही, बसायला लागली तर आधार हवा म्हणून तो आहे. कासेवर पट्टा किंवा दोरी येऊ देऊ नका.

३. मागच्या पायाचा जो सांधा मागच्या बाजूला टोकदार दिसतो, त्याच्या वर मऊ, जाड दोरीचे दोन वेढे घ्या आणि पाय मागे व वर ओढून आडव्या दांडीला बांधा. बाजूला ताणू नका, खुब्याचा सांधा दुखावतो.

४. पाय दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ टांगून ठेवू नका. काम उरलं तर पाय खाली सोडा, गायीला दम घेऊ द्या, मग परत घ्या.

दोरीने पाडून साळायची वेळ आलीच तर ती डॉक्टर समोर असताना. गाभण गायीला शेवटच्या तीन महिन्यांत पाडायचं नाही. पाडलेल्या गायीला आडवी लोळत ठेवली तर पोट फुगतं, म्हणून तिला छातीवर बसती ठेवावी लागते.

## टप्पा ५ : धुवा, शोधा, मग ठरवा

पाय ब्रशने घासून धुवा, विशेषतः टाचेमागचा भाग आणि दोन नख्यांमधली बेचकी. शेण पुसून कापायला सुरुवात केली तर निम्मे रोग दिसतच नाहीत. बेचकीत काच, खिळा, उसाचं बुडखं, दगड अडकलाय का ते बोटाने चाचपा. तोडणीच्या दिवसांत फडात चरायला सोडलेल्या गायींच्या बेचकीत उसाची धारदार धसकटं मी अनेकदा काढली आहेत. त्यातल्या काहींना आठवडाभर सुया झालेल्या होत्या.

मग कातरीने प्रत्येक नखी हलकेच, दोन-तीन जागी दाबा. गाय पाय झटकते ती जागा लक्षात ठेवा आणि खडूने खूण करा. साळून झाल्यावर ती खूण पुसलेली असते, म्हणून आधी मोबाइलवर फोटो घ्या.

## टप्पा ६ : साळणी, याच क्रमाने

चुका सगळ्यात जास्त इथे होतात. चाकू हातात आला की माणूस तळव्यावर वार करायला लागतो. तसं नाही. आधी लांबी, मग पातळी, मग खळगा, आणि टाच शेवटपर्यंत राखून. खाली मागच्या पायाचा क्रम दिला आहे.

पहिली काप : आतल्या नखीची लांबी. मागच्या पायाची आतली नखी सहसा निरोगी असते, म्हणून माप तिच्यापासून धरायचं. नखीच्या पुढच्या भिंतीवर, केस संपून कडक कवच सुरू होतं तिथून शेंड्यापर्यंत ७.५ सेंटिमीटर मोजा. त्यापुढचं कातरीने कापा. मोठ्या अंगाच्या, जास्त वेतांच्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गायीला ८ ते ८.५ ठेवा. ७.५ पेक्षा कमी कुणालाच नको. जर्सी संकरित गायीच्या किंवा पहिलारू कालवडीच्या नख्या बऱ्याचदा मुळातच या मापाच्या आत असतात, त्यांच्या शेंड्याला हात लावायचाच नाही.

दुसरी : आतल्या नखीचा तळवा. शेंडा कापल्यावर तिथे चौकोनी, बोथट कड दिसते. आता तळवा शेंड्याकडून मागे, पातळ पापुद्रे काढत उतरवा. कापलेल्या शेंड्याची कड ५ ते ७ मिलिमीटर जाडीची उरली की थांबा. मागे जाताना चाकू हलका होत गेला पाहिजे आणि टाचेपाशी सुटला पाहिजे. आतल्या नखीची टाच कापायची नाही. टाच खाली गेली की शेंडा परत वर उचलला जातो आणि सगळं काम उलटं होतं.

तपासा : दर दोन पापुद्र्यांनंतर अंगठ्याने तळवा जोरात दाबा. जरासाही दबला, की थांबा. तळव्यात गुलाबी छटा दिसली तर तुम्ही एक पापुद्रा जास्त काढला आहे. शिकताना माझ्याच हातून घरच्या एका कालवडीचा तळवा असा पातळ झाला. मी माप लावलं नव्हतं. बारा दिवस ती धड उभी राहिली नाही. तेव्हापासून अंगठा हेच माझं शेवटचं माप आहे.

तिसरी : बाहेरची नखी आतल्या नखीइतकी. आधी लांबी सारखी करा. मग तळवा उतरवत दोन्ही नख्या एका पातळीत आणा. बाहेरच्या नखीची टाच उंच असते, ती इथे उतरवावी लागते, पण आतल्या टाचेच्या पातळीपर्यंतच. सरळ पट्टी दोन्ही तळव्यांवर आडवी ठेवा. पट्टी डुगडुगता कामा नये आणि पायाच्या हाडाशी काटकोनात बसली पाहिजे. बाहेरच्या नखीचा तळवा पातळी येण्याआधीच दबायला लागला, तर पातळीचा हट्ट सोडा. उरलेला फरक पुढच्या साळणीत जाईल.

चौथी : खळगा. प्रत्येक नखीच्या तळव्याचा मधला-मागचा, बेचकीकडचा भाग थोडा खोलगट उतरवा. व्रण नेमका याच जागी होतो. तो भाग जमिनीला टेकला नाही की आतल्या हाडाचा दाब कमी होतो आणि बेचकीतलं शेणही निघून जातं. बाहेरच्या नखीला खळगा थोडा रुंद हवा. शेंड्याकडचा एक तृतीयांश भाग आणि बाहेरची भिंत सपाट राहू द्या, भार त्यांनीच घ्यायचा आहे.

पाचवी : सुटं कवच. टाचेवरचे सुटे पापुद्रे, भेगांच्या कडा, खाली घाण अडकणारे कप्पे काढा. चांगलं कवच उगाच काढू नका.

पुढच्या पायाला हाच क्रम, पण माप बाहेरच्या नखीपासून धरा आणि कमी कापा. पुढच्या नख्यांच्या टाचा तर अजिबात उतरवू नका.

नेहमीच्या चुका : बाहेरची भिंत कानसून गुळगुळीत करणे. ती सगळ्यात मजबूत बाजू आहे, तिला हात लावू नका. दोन शेंड्यांमधली जागा कोरून रुंद करणे. एकाच दिवशी फार वाकडं खूर सरळ करायला जाणे. कात्रीसारख्या वळलेल्या नख्या तीन-तीन महिन्यांनी थोड्या थोड्या कापूनच ताळ्यावर येतात.

रक्त आलंच तर कापूस दाबून दहा मिनिटं धरा, मग गॉज ठेवून पट्टी बांधा, ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काढा, आणि त्या नखीवर पुन्हा चाकू नको.

## टप्पा ७ : दुखणं सापडलं, आता काय

तळव्याचा व्रण. टाच आणि तळवा जिथे मिळतात तिथे, बहुधा बाहेरच्या नखीत, लाल-काळा डाग किंवा बाहेर डोकावणारं मांस. भोवतीचं सुटलेलं कवच पातळ करत काढा, म्हणजे कडा मांसाला टोचणार नाहीत. मांस कापू नका, डागू नका. मग त्या नखीवरचा भार काढा. हाच खरा उपचार आहे. दुसरी नखी निरोगी असेल तर तिच्या तळव्याला लाकडी ठोकळा खास डिंकाने चिकटवतात, म्हणजे दुखरी नखी अधांतरी राहते. हे काम डॉक्टर किंवा शिकलेल्या माणसाकडून करून घ्या आणि ठोकळा चार ते सहा आठवड्यांनी काढा. ठोकळा मिळत नसेल तर दुखऱ्या नखीची टाच, व्रणाच्या मागचा भाग, शक्य तेवढी उतरवून भार निरोगी नखीवर टाका. टाच राखायचा नियम फक्त इथे मोडायचा. व्रणाला प्रतिजैविकाची सुई लागत नाही, वेदनाशामक मात्र लागतं.

आज दिसणारा डाग साधारण दोन महिन्यांपूर्वी आत सुरू झालेला असतो. म्हणून डाग दिसला की वही काढा. तेव्हा गाय व्यायली होती का? खुराक बदलला होता का? नव्या सिमेंटवर आणली होती का?

पांढऱ्या रेषेतला पू. भिंत आणि तळवा जुळतात तिथे पांढरट रेष असते. तिच्यात खडा, माती शिरून काळी वाट तयार होते आणि आत पू साचतो. गाय एकाएकी पाय टेकवेनाशी होते. काळी रेष चाकूच्या टोकाने माग काढत उघडा. पू बाहेर आला की गाय बऱ्याचदा त्याच दिवशी पाय टेकवते. वर सुटलेली भिंत काढा, वाट बंद करू नका, निरोगी नखीला ठोकळा लावा.

खूर सडणे. बेचकीच्या वर दोन्ही बाजूंनी सारखी सूज, बेचकीत चीर, नाकाला झोंबणारा वास, ताप, दूध एकदम खाली. इथे मात्र डॉक्टरांची प्रतिजैविक सुई लवकर हवी. साळणीची घाई नको. बेचकी धुवा, कोरडी ठेवा.

टाचेमागची लाल जखम. टाचेच्या मागे केसांच्या कडेला लालभडक, खरबरीत, हात लावताच गाय लाथ मारते अशी ओली जखम. ही संसर्गजन्य आहे आणि चाकूवरून पसरते. जखम धुवून, पुसून कोरडी करा आणि डॉक्टर सांगतील तो स्प्रे रोज मारा. कातडी कापू नका. चाकू जंतुनाशकात बुडवल्याशिवाय पुढच्या गायीला लावू नका.

डॉक्टरांशिवाय हात लावायचा नाही अशी लक्षणं : केसांच्या कडेवर एकाच बाजूला गरम, कडक सूज, शेंडा वर उचललेला, १०३ फॅरनहाइटच्या वर ताप, जखमेतून हाडापर्यंत जाणारं भोक. १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन केला तर पशुवैद्यकीय सेवा मिळते. फारच खोल गेलेलं दुखणं असेल तर साताऱ्यातल्या शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठण्याचा विचार डॉक्टरांशी बोलून करा. एक नखी काढून टाकूनही गाय पुढे दूध देऊ शकते, पण हा निर्णय वेळेत व्हावा लागतो.

सावध : उघड्या जखमेवर रॉकेल, डिझेल, फिनेल, फॉर्मेलिन किंवा मोरचुदाची (कॉपर सल्फेटची) पूड टाकू नका. आतलं जिवंत मांस जळतं आणि महिन्याभरात भरणारी जखम तीन महिने लोंबकळते. अळ्या पडल्या असतील तर त्या चिमट्याने काढून डॉक्टरांचा स्प्रे वापरा. वेदनाशामक म्हणून डायक्लोफेनॅक मागू नका. गिधाडांच्या मृत्यूमुळे जनावरांसाठी त्याच्यावर २००६ पासून बंदी आहे आणि २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅकवरही ती आली. मेलॉक्सिकॅम चालतं, मात्रा डॉक्टरांनी ठरवायची. प्रतिजैविक झालं असेल तर किती दिवस दूध संकलनाला घालायचं नाही, हे त्यांनाच विचारून वहीत लिहा.

## टप्पा ८ : पुढचे दहा दिवस

साळलेली गाय दोन-तीन दिवस कोरड्या, मऊ जागेवर ठेवा. मुरमाच्या रस्त्यावरून चरायला नेऊ नका. लंगड्या गायीला पाणी आणि वैरण जागेवर द्या, कारण दुखऱ्या पायाने ती गव्हाणीपर्यंत जायचं टाळते आणि उपाशी राहते. तिसऱ्या दिवशी चाल बघा. सातव्या दिवशीही फरक नसेल तर पाय परत उचला. बहुतेक वेळा सुटलेल्या कवचाचा एखादा कोपरा राहून गेलेला असतो. लंगडणं वाढलं तर सातव्या दिवसाची वाट बघू नका.

## टप्पा ९ : मोरचुदाचं पाणी

याचा उपयोग बेचकीच्या आणि टाचेमागच्या संसर्गाला होतो. तळव्याच्या व्रणाला होत नाही. १०० लिटर पाण्यात ५ किलो मोरचूद विरघळवा. हौद सिमेंटचा किंवा प्लॅस्टिकचा असावा, पत्रा मोरचुदाने खाऊन जातो. लांबी किमान ३ मीटर ठेवा, म्हणजे प्रत्येक पाय दोनदा बुडेल. पाण्याची खोली १० ते १२ सेंटिमीटर. खुरं आधी धुतलेली हवीत, नाहीतर पहिल्या दहा गायींच्या शेणातच औषध संपतं. पाच-सात गायींच्या गोठ्याला हौद बांधायची गरज नाही, धुतलेल्या पायांवर फवारणीचा पंप पुरतो.

गायींना आधी पाणी पाजून मगच हौदातून न्या, तहानलेली गाय ते पाणी पिते. मेंढ्या असतील तर त्या हौदाजवळ नकोत, तांबं त्यांना विषारी आहे. वापरलेलं पाणी ओढ्यात, विहिरीजवळ किंवा चाऱ्याच्या पिकात सोडू नका.

## टप्पा १० : गोठा आणि खुराक

साळणी कितीही नीट केली तरी खुराक चुकला तर खुरं परत बिघडतात. व्यायल्यावर दूध वाढावं म्हणून एकदम सहा-सात किलो पेंड किंवा मक्याचा भरडा सुरू करतात. पोटात आम्ल वाढतं आणि खुराच्या आतल्या मांसाला दाह होतो. खुराक दहा-पंधरा दिवसांत हळूहळू वाढवा, दिवसाचा तीन-चार वेळांत वाटून द्या, आणि आधी वैरण, मग पेंड. लग्नातला उरलेला भात, पुऱ्या, गोडधोड गायीला घालू नका. माझ्याकडे येणाऱ्या वाईट केसेसमध्ये लग्नसराईचा वाटा मोठा असतो. गळीत हंगामात नुसत्या उसाच्या वाढ्यांवर गायी काढू नका. त्यातल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शियम कमी मिळतं, आणि ज्वारीचा कडबा व हिरवा चारा मिसळला नाही तर पोषणही अपुरं राहतं. खनिज मिश्रण रोज द्या. खुरं ठिसूळ असतील तर रोज २० मिलिग्रॅम बायोटिन द्या, पण परिणाम दिसायला किमान चार-सहा महिने लागतात.

गाय दिवसातून दहा-बारा तास बसली पाहिजे. ती बसत नसेल तर जमीन ओली, कडक किंवा अपुरी आहे. मुक्त गोठा, रबर मॅट किंवा कोरड्या मातीचा कोपरा, जे परवडेल ते करा. नवं सिमेंट खुरं फार झिजवतं, त्यावर पहिले काही आठवडे भुसा किंवा पाचट पसरा.

एक वही ठेवा. त्यात गायीच्या बिल्ल्याचा क्रमांक, तारीख, कोणता पाय, कोणती नखी, काय दिसलं, ठोकळा कधी लावला आणि कधी काढायचा, एवढं लिहा. तीन महिन्यांनी तीच गाय परत आली आणि व्रण त्याच नखीत असेल, तर खळगा उथळ राहिला होता किंवा ठोकळा लवकर काढला गेला. दुसऱ्या पायात असेल तर गोठ्याची जमीन तपासा.